भाव फक्त एकाच इंधनाला विचारला

जुलै २०१२. हवाई बेटांजवळच्या समुद्रात 'रिमपॅक' हा बहुराष्ट्रीय नौदल सराव चालू होता. अमेरिकी नौदलाचं 'हेन्री जे. कैसर' हे तेलवाहू जहाज सुमारे ९ लाख गॅलन इंधन घेऊन तिथे पोचलं. भर समुद्रात दोन जहाजं समांतर चालत असताना मध्ये जाड नळ्या टाकून इंधन भरतात, तसंच या वेळीही भरलं गेलं. 'प्रिन्स्टन' या क्रूझरमध्ये, 'चेफी' आणि 'चुंग-हून' या विनाशिकांमध्ये, आणि 'निमित्झ' या विमानवाहू नौकेवरच्या विमानांसाठी. वेगळं होतं ते इंधन. त्यातलं अर्धं नेहमीचं खनिज इंधन होतं. उरलेलं अर्धं तळणाचं वापरलेलं तेल, प्राण्यांची चरबी आणि शेवाळापासून काढलेलं तेल यांतून तयार झालेलं होतं. इंजिनात काहीही बदल करावा लागला नाही. विमानं उडाली, उतरली, जहाजं चालली. तांत्रिक परीक्षा तिथेच संपली.

त्या वेळी चर्चा मात्र सगळी किमतीची झाली. नौदलाने हे ४ लाख ५० हजार गॅलन जैवइंधन १ कोटी २० लाख डॉलरना घेतलं होतं, म्हणजे गॅलनला २६ डॉलरहून थोडं जास्त. एक अमेरिकी गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. खनिज इंधन तेव्हा गॅलनला चार डॉलरच्या आत मिळत होतं. दोन्ही मिसळल्यावर भाव पडला सुमारे १५ डॉलर. अमेरिकेच्या संसदेत हा आकडा इतक्या वेळा उच्चारला गेला की त्याच्यापुढे बाकीचं सगळं ऐकू येईनासं झालं.

मला या आकड्याबद्दलच बोलायचं आहे. कारण हवामानाला कमी अपाय करणाऱ्या इंधनांना अमेरिकेत जो राजकीय विरोध झाला आणि अजूनही होतो आहे, त्याचं सर्वांत सभ्य, पटण्याजोगं रूप म्हणजे हा भावाचा प्रश्न. हवामानबदल थोतांड आहे असं म्हणणाऱ्याशी वाद घालणं सोपं आहे. 'करदात्याच्या पैशातून चौपट महाग वस्तू का घेता?' असं विचारणाऱ्याला मात्र उत्तर द्यावंच लागतं. ते मी देणार आहे, आणि जैवइंधनाच्या समर्थकांनी ते नीट दिलं नाही, ही माझी त्यांच्याविषयीची तक्रारही मांडणार आहे.

या सगळ्याच्या मागे होते रे मेबस. बराक ओबामांच्या कारकिर्दीत, २००९ ते २०१७, ते नौदल खात्याचे मंत्री होते. त्याआधी मिसिसिपीचे गव्हर्नर, आणि नव्वदच्या दशकात सौदी अरेबियातले अमेरिकेचे राजदूत. तेलाच्या राजकारणाचा उगम ज्याने रियाधमध्ये राहून पाहिला आहे, असा माणूस नौदलात आला. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२० पर्यंत नौदलाची निम्मी ऊर्जा पर्यायी स्रोतांतून येईल, आणि २०१६ पर्यंत जैवइंधन वापरणारा एक संपूर्ण ताफा समुद्रात उतरेल. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०७ मध्ये पांढऱ्या रंगाच्या युद्धनौकांचा 'ग्रेट व्हाइट फ्लीट' हा ताफा जगाच्या फेरीवर पाठवला होता. त्याच्या नावावरून या ताफ्याला नाव मिळालं 'ग्रेट ग्रीन फ्लीट'.

मेबस दोन युक्तिवाद करत. पहिला पैशाचा. तेल पिंपामागे एक डॉलरने महागलं की नौदलाचा वर्षाचा खर्च ३ कोटी डॉलरनी वाढतो. इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीतली तेलाची वाट अडवण्याची नुसती धमकी दिली तरी भाव चढतो आणि पैसे प्रशिक्षणातून किंवा दुरुस्तीतून काढावे लागतात. दुसरा युक्तिवाद जिवाचा. अफगाणिस्तानात इंधनाच्या दर पन्नास ताफ्यांमागे एक मरीन सैनिक मारला जातो किंवा जखमी होतो. जनरल जेम्स मॅटिस यांनी इराकच्या मोहिमेनंतरच म्हणून ठेवलं होतं की आम्हाला इंधनाच्या दाव्यातून सोडवा. दावणीला बांधलेलं जनावर जसं दाव्याच्या लांबीइतकंच फिरू शकतं, तसं सैन्य इंधनाच्या टँकरपलीकडे जाऊ शकत नाही, हे त्यांनी रणांगणावर अनुभवलं होतं.

आता विरोधकांकडे येऊ. २०१२ चा वसंत त्यांच्यासाठी फार सोयीचा होता. आदल्याच वर्षी सोलिंड्रा ही सौरपट्ट्यांची कंपनी ५३ कोटी ५० लाख डॉलरची सरकारी कर्जहमी बुडवून दिवाळखोरीत गेली होती. 'हरित' या शब्दाला सरकारी उधळपट्टीचा वास चिकटला होता. ऑगस्ट २०११ च्या अर्थसंकल्प नियंत्रण कायद्याने संरक्षण खर्चाला दहा वर्षांत ४८७ अब्ज डॉलरची कात्री लागली होती. जहाजं कमी होणार, माणसं कमी होणार, आणि मंत्री २६ डॉलरचं इंधन घेतात. फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे व्हर्जिनियाचे रिपब्लिकन सदस्य रँडी फोर्ब्स यांनी मेबस यांना सुनावलं की तुम्ही नौदलाचे मंत्री आहात, ऊर्जेचे नाही. हे वाक्य लक्षात असू द्या, त्याच्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

मे महिन्यात सिनेटच्या सशस्त्र दलविषयक समितीने १३ विरुद्ध १२ मतांनी ठरवलं की खनिज इंधनाहून महाग जैवइंधन संरक्षण खात्याने घ्यायचं नाही. समितीत बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचं असूनही हे झालं. पुढाकार होता जॉन मॅकेन आणि ओक्लाहोमाचे जेम्स इनहोफ यांचा.

या दोघांना एका माळेत ओवणं अन्यायाचं होईल. इनहोफ हे हवामानबदल मुळातच न मानणारे. २०१५ च्या फेब्रुवारीत सिनेटच्या सभागृहात बर्फाचा गोळा घेऊन येणारे तेच. मॅकेन तसे नव्हते. २००३ मध्ये जो लीबरमन यांच्याबरोबर त्यांनी कर्बवायूंवर मर्यादा घालणारं विधेयक सिनेटमध्ये मतदानाला आणलं होतं. ते ४३ विरुद्ध ५५ मतांनी पडलं, पण रिपब्लिकन पक्षातून तसं विधेयक आणायला छाती लागते. मक्याच्या इथेनॉलला मिळणाऱ्या अनुदानाला त्यांचा विरोध इतका पक्का होता की २००० च्या अध्यक्षीय उमेदवारीच्या लढतीत त्यांनी मक्याच्या आयोवा राज्यात प्रचारच केला नाही. सरकारी पैसा जपून वापरावा, हे त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं. म्हणून त्यांच्या प्रश्नाला उडवून लावता येत नाही.

पण त्याच मे महिन्यात प्रतिनिधीगृहात काय चाललं होतं ते पाहा. तिथल्या रिपब्लिकन बहुमताच्या समितीने संरक्षण विधेयकात दोन कलमं शेजारीशेजारी घातली. एका कलमाने महाग पर्यायी इंधन घ्यायला बंदी. दुसऱ्याने संरक्षण खात्याला २००७ च्या ऊर्जा कायद्यातल्या कलम ५२६ मधून सूट. हे कलम ५२६ म्हणजे काय? जॉर्ज बुश यांनी डिसेंबर २००७ मध्ये सही केलेल्या कायद्यातली ती एक छोटी अट आहे: सरकारी खात्यांनी असं पर्यायी इंधन विकत घेऊ नये ज्याच्यातून, विहिरीपासून किंवा खाणीपासून धुराड्यापर्यंतचा हिशेब धरता, नेहमीच्या पेट्रोलियमपेक्षा जास्त कर्बवायू बाहेर पडतो. ही अट विशेषतः कोळशापासून बनवलेल्या द्रव इंधनाच्या आड येत होती. हवाई दलाला त्या काळात अशा इंधनाची फार आस होती. सप्टेंबर २००६ मध्ये त्यांनी बी-५२ बॉम्बफेकी विमान नैसर्गिक वायूपासून केलेल्या कृत्रिम इंधनाच्या मिश्रणावर उडवून पाहिलं होतं आणि २०१६ पर्यंत देशांतर्गत निम्म्या उड्डाणांसाठी असं मिश्र इंधन वापरण्याचं ध्येय ठेवलं होतं.

म्हणजे एकाच विधेयकात इंधनाला धुराची अट नको होती आणि भावाची अट हवी होती. यात माझ्या विरोधाचा गाभा आहे. स्वस्त काय आणि महाग काय हे ठरवताना धुराचा खर्च शून्य धरायचा, आणि तो शून्य धरलेला कुणाला दिसू नये म्हणून त्याचा हिशेब मागणारं कलमही काढून टाकायचं. मग जो आकडा उरतो त्याला बाजारभाव म्हणायचं.

तो बाजारभावही खरा बाजाराचा नव्हता. अमेरिकेतल्या तेल उद्योगाला विहीर खोदण्याचा बराचसा खर्च त्याच वर्षी करातून वजा करण्याची सवलत १९१३ पासून मिळते आहे. साठा घटत जातो म्हणून उत्पन्नातून ठरावीक टक्के वजावट देणारी तरतूद १९२६ ची. नव्या धंद्याला पायावर उभं करण्यासाठी दिलेल्या या सवलती तो धंदा जगातला सर्वांत बलाढ्य धंदा झाल्यावरही चालू राहिल्या. त्यात जानेवारी १९८० मध्ये जिमी कार्टर यांनी जाहीर केलं की पर्शियन आखातावर बाहेरच्या कुणी ताबा मिळवायचा प्रयत्न केला तर अमेरिका लष्करी बळाने तो मोडून काढेल. तेव्हापासून आखातातून जाणाऱ्या तेलाची राखण अमेरिकी नौदल करत आलं आहे. त्या राखणीचा खर्च तेलाच्या गॅलनवर कधी चढत नाही, तो संरक्षण खात्याच्या खतावणीत वेगळा पडतो. चार डॉलरच्या गॅलनची तुलना करताना हे सगळं बाजूला ठेवलं गेलं.

आणि युद्धनौकांच्या बाबतीत अमेरिकेने याआधी इंधनाला भाव विचारला होता का? 'निमित्झ' स्वतः तेलावर चालतच नाही, ती अणुऊर्जेवर चालते. तिच्या विमानांना इंधन लागतं, तिला नाही. १९५५ च्या जानेवारीत 'नॉटिलस' ही पाणबुडी अणुऊर्जेवर निघाली तेव्हापासून अ‍ॅडमिरल हायमन रिकओव्हर यांच्या हट्टापायी नौदलाने या महागड्या वाटेवर पैसा ओतला. १९९८ मध्ये संसदेच्याच लेखातपासणी कार्यालयाने हिशेब करून सांगितलं की अणुऊर्जेवरच्या विमानवाहू नौकेचा आयुष्यभराचा खर्च सुमारे २२ अब्ज डॉलर येतो, आणि तेलावरच्या नौकेचा १४ अब्ज. फरक आठ अब्जांचा. तरीही संसद अणुऊर्जेवरच्याच नौका मंजूर करत राहिली आणि आज अमेरिकेची प्रत्येक विमानवाहू नौका अणुऊर्जेवर चालते. त्यामागे चांगली कारणं आहेत: इंधनासाठी थांबावं लागत नाही, वेग टिकतो. मला ती मान्य आहेत. म्हणजे किमतीपलीकडचं मोल मोजायची या संसदेची तयारी होती. १ कोटी २० लाख डॉलरच्या जैवइंधनापाशी ती तयारी संपली.

इथे किमतीच्या हालचालीकडेही बघायला हवं. सप्टेंबर २००९ मध्ये नौदलाने सोलझाइम या कंपनीकडून शेवाळाचं इंधन घेतलं तेव्हा २० हजार गॅलनला ८५ लाख डॉलर मोजले होते, म्हणजे गॅलनला ४२४ डॉलर. हा आकडा विरोधकांनी भरपूर वापरला. पण ती पहिल्या घाण्याची किंमत होती. त्यात प्रयोगशाळा होती, चाचण्या होत्या. दोनच वर्षांत त्या कंपनीचा आणि इतरांचा मिळून भाव २६ डॉलरवर आला होता. हवाई दलाने २०१२ मध्ये गेवो या कंपनीकडून अल्कोहोलपासून बनवलेलं विमानाचं इंधन गॅलनला ५९ डॉलरने घेऊन ए-१० विमान उडवलं. त्यावरही टीका झाली. याच गेवोशी पुढे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने सहकार्याचा करार केला, आणि मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशियाच्या प्रवासी विमानात प्राजने बनवलेलं जैवइंधन थोड्या प्रमाणात मिसळलेलं होतं. वस्तू बाजारात यायच्या आधी तिचा पहिला डबा कुणीतरी महागात घ्यावा लागतो. संगणकाच्या चिपा, उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रणा, सगळ्यांचा पहिला गिऱ्हाईक अमेरिकेचं संरक्षण खातंच होतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये कोलोरॅडोचे मार्क युडाल यांची दुरुस्ती ६२ विरुद्ध ३७ मतांनी सिनेटमध्ये मंजूर झाली आणि खरेदीबंदीचं कलम गळालं. काही रिपब्लिकन सदस्यांनीही बाजूने मत दिलं. दुसऱ्या दिवशी जैवइंधनाच्या कारखान्यांना मदत रोखणारं कलमही गेलं. मेबस जिंकले, असं तेव्हा वाटलं.

आता समर्थकांच्या चुकीबद्दल. ती मला विरोधकांच्या चुकीइतकीच लागते, कारण ती आपल्या बाजूच्या माणसांची आहे.

मेबस आणि त्यांचे सहकारी भाषणं करताना हवामानबदलाचं नाव शक्यतो मागे ठेवत. पुढे असायची राष्ट्रीय सुरक्षा. हिशेब असा होता की रिपब्लिकन सदस्य हवामानासाठी मत देणार नाहीत, सैनिकासाठी देतील. पण सैनिकाचा युक्तिवाद या इंधनाला लागूच पडत नव्हता. जैवइंधनाचा टँकरही तितकाच पेटतो. अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांताच्या रस्त्यावर पेरलेला सुरुंग टँकरमध्ये कोणतं तेल आहे हे बघत नाही. ताफे कमी करायचे तर इंधनाची गरज कमी करायला हवी, आणि ते काम सौरपट्ट्यांनी केलं. २०१० मध्ये हेल्मंडमधल्या सांगिनला गेलेल्या मरीन सैनिकांच्या एका तुकडीने आपल्या छोट्या चौक्या सूर्यावर चालवून दाखवल्या. जानेवारी २०११ मध्ये रँड या संशोधन संस्थेने स्पष्ट लिहिलं की पर्यायी इंधनातून सैन्याला थेट लष्करी फायदा काही मिळत नाही. या अहवालावर मेबस यांचं खातं चिडलं. माझ्या मते चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं. लष्करी फायदा नव्हताच. फायदा हवेचा होता, आणि तोच कुणी तोंडाने म्हणत नव्हतं.

भावाच्या चढउताराचा युक्तिवादही तसाच दुबळा निघाला. तेल महाग आहे तोवर तो चालतो. २० जानेवारी २०१६ ला सॅन दिएगोहून 'जॉन सी. स्टेनिस' या नौकेचा ताफा निघाला आणि ग्रेट ग्रीन फ्लीटचं वचन पूर्ण झालं. इंधनात १० टक्के जैवइंधन होतं, मध्य-पश्चिमेतल्या गुरांच्या चरबीपासून कॅलिफोर्नियातल्या ऑल्टएअर कंपनीने बनवलेलं. मिश्रणाचा भाव गॅलनला २ डॉलर ५ सेंट. त्यात कृषी खात्याचाही हातभार होता, पण २६ डॉलरचा आकडा तोंडावर फेकणाऱ्यांना द्यायला हे उत्तर पुरेसं होतं. आणि नेमक्या त्याच दिवशी अमेरिकी कच्चं तेल पिंपाला २७ डॉलरच्या खाली आलं, २००३ नंतरचा सर्वांत कमी भाव. ज्या महागाईपासून वाचवायचं म्हणून हा ताफा उभारला ती महागाईच उरली नव्हती. २०१२ मध्ये निम्मं जैवइंधन होतं, २०१६ मध्ये दहावा हिस्सा. दरम्यान संसदेने नियम घालून ठेवला होता की नेहमीच्या वापरासाठी जैवइंधन घ्यायचं तर ते खनिज इंधनाच्या तोडीच्या खर्चातच बसलं पाहिजे. वर्षभराने सरकार बदललं. मेबस यांची उद्दिष्टं रद्द करायला कुणाला मोठा समारंभ करावा लागला नाही. नौदलाचं हवामानबदलावर काम करणारं विशेष पथक मार्च २०१९ मध्ये गुंडाळण्यात आलं.

हवामानासाठी हे करतो आहोत असं पहिल्या दिवसापासून म्हटलं असतं तर सिनेटमधली मतं कमी पडली असती, हे मला कळतं. पण कमी पडलेलं मत पुन्हा मागता येतं. भलत्या कारणासाठी मिळालेलं मत ते कारण संपताच परत जातं.

कंपन्यांचंही सांगायला हवं, लपवून उपयोग नाही. सोलझाइम शेवाळाच्या इंधनाकडून खाद्यपदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनांकडे वळली, नाव बदललं आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१४ मध्ये ज्या तीन कंपन्यांना कारखाने उभारायला सरकारने मिळून २१ कोटी डॉलर देऊ केले, त्यांतल्या रेड रॉकचा ओरेगनमधला कारखाना कधी सुरूच झाला नाही आणि फल्क्रम २०२४ मध्ये बुडाली. ऑल्टएअरचा कारखाना मालक बदलून २०२५ मध्ये बंद पडला. विरोधक ही यादी वाचून दाखवतात तेव्हा ती खरीच असते. त्या यादीत एक नाव मात्र नसतं. २०१२ च्या सरावासाठी लुइझियानातल्या गाइस्मर इथे चरबी आणि तळणाच्या तेलापासून इंधन बनवणारा कारखाना. त्यातली एक भागीदार सिंट्रोलियम ही कंपनी इनहोफ यांच्याच ओक्लाहोमातल्या टल्साची होती, आणि २००६ मध्ये बी-५२ साठीचं कृत्रिम इंधनही तिनेच दिलं होतं. पुढे तो कारखाना रिन्यूएबल एनर्जी ग्रुपकडे गेला, आणि २०२२ मध्ये ३ अब्ज १५ कोटी डॉलर मोजून ती सगळी कंपनीच विकत घेतली शेव्हरॉनने. तेल कंपनीला त्या धंद्यात दम दिसला.

आता कुणी म्हणेल, रिपब्लिकन पक्षाचा जैवइंधनालाच विरोध आहे. तसं असतं तर गोष्ट साधी झाली असती. ऊसपट्ट्यात राहिलेल्या माणसाला आयोवा समजावून सांगावं लागत नाही. एका पिकावर उभं राहिलेलं राजकारण कसं चालतं, कारखान्याच्या धुराड्यावरून निवडणुका कशा ठरतात, हे कोल्हापूर-सांगलीत जन्माला येऊन कळलं नाही तर कुठे कळणार? अमेरिकेत पिकणाऱ्या मक्यातला ४० टक्क्यांच्या आसपास मका इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. २००७ च्या ज्या कायद्यात कलम ५२६ आहे, त्याच कायद्याने पेट्रोलमध्ये मक्याचं इथेनॉल मिसळण्याची वाट वर्षाला १५ अब्ज गॅलनपर्यंत रुंद केली. आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली आयुष्यभर या इथेनॉलची पाठराखण करत आले आहेत. तिथे करदात्याच्या पैशाचा प्रश्न इतक्या जोरात कुणी विचारत नाही.

आणि हे इथेनॉल हवामानाला किती सोयीचं? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की मक्यासाठी नव्याने नांगरलेल्या जमिनीतून सुटणारा कर्ब आणि खतांचा परिणाम धरला तर मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी प्रदूषणकारी ठरत नाही, उलट २४ टक्क्यांनी जास्तच असण्याची शक्यता आहे. इथेनॉल उद्योगाने हा निष्कर्ष फेटाळला. वाद चालू आहे. पण ४ जुलै २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या करकायद्यात संसदेने हा वाद कसा मिटवला पाहा. त्या कायद्याने विजेच्या गाडीवरची साडेसात हजार डॉलरची सवलत ३० सप्टेंबरला संपवली. हरित हायड्रोजनच्या सवलतीची मुदत पाच वर्षांनी अलीकडे ओढली. द्रव जैवइंधनाची सवलत मात्र २०२९ अखेरपर्यंत वाढवली, आणि वर नियम केला की इंधनाच्या कर्बाचा हिशेब मांडताना जमिनीच्या वापरातल्या अप्रत्यक्ष बदलाचा परिणाम धरायचाच नाही. कच्चा माल अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोतलाच हवा. विमानाच्या इंधनाला मिळणारा जादा दर काढून टाकला.

२०१२ मध्ये कोळशाच्या इंधनासाठी धुराचा हिशेब नको होता. २०२५ मध्ये मक्यासाठी जमिनीचा हिशेब नको झाला. मधल्या तेरा वर्षांत पक्षांची भाषा बदलली, अध्यक्ष बदलले, तरी ही सवय तीच राहिली. इंधन कुणाच्या शेतातून किंवा कुणाच्या विहिरीतून येतं ते आधी बघायचं आणि मग त्याला कोणता प्रश्न विचारायचा ते ठरवायचं. मला राग येतो तो याचा. मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, त्याला आधार मिळावा. पण तो आधार शेतीच्या नावाने द्या, हवामानाच्या खात्यातून देऊ नका, कारण त्या खात्यातला प्रत्येक खोटा आकडा समुद्राच्या पाण्यात मोजला जातो.

आणि आता हा विरोध अमेरिकेच्या हद्दीत राहिलेला नाही. जगातल्या व्यापारी जहाजांनी टप्प्याटप्प्याने स्वच्छ इंधनाकडे वळावं, न वळल्यास शुल्क भरावं, असा आराखडा लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये बहुमताने पुढे नेला होता. अमेरिका त्या चर्चेतून बाहेर पडली होती. ऑक्टोबरमध्ये अंतिम मंजुरीची वेळ आली तेव्हा वॉशिंग्टनने बाजूने मत देणाऱ्या देशांना आयातशुल्क, बंदरशुल्क आणि व्हिसाबंधनांचा इशारा दिला. १७ ऑक्टोबरला सौदी अरेबियाच्या ठरावाने तो निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला, ५७ विरुद्ध ४९ मतांनी. इशाऱ्यात जहाजांवरच्या खलाशांना लागणाऱ्या व्हिशाचाही स्पष्ट उल्लेख होता. परदेशी जहाजांवर नोकरी करणाऱ्या कोकणातल्या पोरांना हा व्हिसा काय असतो ते चांगलं माहीत आहे. जहाजाने कोणतं इंधन जाळावं या वादात त्यांची रोजीरोटी तारण म्हणून पुढे केली गेली. २०१२ मध्ये म्हणणं होतं, महाग असेल तर आम्ही घेणार नाही. आता म्हणणं आहे, तुम्ही घेतलंत तर बघून घेऊ.

त्याच वर्षी संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनीही सांगून टाकलं की हवामानबदल हे आपल्या खात्याचं काम नाही. रँडी फोर्ब्स यांचंच ते वाक्य, तेरा वर्षांनी मंत्र्याच्या तोंडी आलेलं. फोर्ब्स व्हर्जिनियातल्या चेसापीक भागाचे. तिथून थोड्याच अंतरावर नॉरफोक आहे, जगातला सर्वांत मोठा नौदल तळ. तळावरच्या भरतीमापकाच्या नोंदी १९२७ पासूनच्या आहेत आणि त्या सांगतात की तेव्हापासून तिथे पाणी सुमारे दीड फूट चढलं आहे. काही वाटा खचणाऱ्या जमिनीचा, बाकीचा समुद्राचा. तळाकडे जाणाऱ्या हॅम्प्टन बुलेव्हार्डवर मोठ्या भरतीला पाणी येतं. जुने धक्के पाण्याला टेकायला लागले म्हणून नौदलाने त्यांतले काही पाडून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून अधिक उंच, दुमजली धक्के बांधायला घेतले. वीज आणि वाफेच्या वाहिन्या पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून. एकेका धक्क्याला काही कोटी डॉलर लागतात, आणि ते नौदलाच्याच पैशातून जातात.